इंजिन बदलले, ब्रेकचे काय?

चिंचोटी नाक्यावर अहमदाबाद हमरस्ता सोडून आत वळले की कामणचा रस्ता लागतो. हाच रस्ता पुढे खारबाव, अंजूर फाटा असे करीत भिवंडीत उतरतो. भिवंडीचा ग्रे कपडा गुजरातकडे जातो, तिकडचे सूत इकडे येते, आणि या येण्याजाण्यावर आमच्यासारख्या किती घरांची चूल पेटते ते सांगायला नको. ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे तो भाड्याचे पैसे वाचवतो. ज्याच्याकडे जुनी गाडी आहे तो ती आणखी काही वर्षे कशी चालेल याचा विचार करतो. मग कोणीतरी सल्ला देतो, "नवी कशाला घेता? बॉडी चांगली आहे, इंजिन बदलून टाका."

सल्ला नेहमीच वाईट असतो असे नाही. पण सल्ला देणारा इंजिनाचा भाव सांगतो, फिटिंगची मजुरी सांगतो, मायलेज सांगतो. ब्रेकबद्दल एक शब्द काढत नाही. आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, मिस्त्री नाही. तरीही या विषयावर लिहिण्याचे कारण असे की गाडीच्या मालकाला हे समजले नाही तर मिस्त्रीला विचारायचे काय, हेच त्याला कळत नाही. गाडीवर बसणारा ड्रायव्हर पगारावर असतो, मागे मालावर बसणारा हमाल मजुरीवर असतो. "ही गाडी नेणार नाही" असे म्हणण्याची त्यांची ऐपत नसते. ते म्हणण्याची जबाबदारी मालकाची आहे.

लूम चालवणाऱ्या बांधवांना ही गोष्ट एका उदाहरणाने लगेच कळेल. मोटरची पुली बदलून लूमची चाल वाढवली की चांगला जॉबर आधी लूमचा ब्रेक पाहतो. बाणा तुटला आणि हँडल सुटले, तर लूम तेथल्या तेथे थांबली पाहिजे. चाल वाढली आणि ब्रेकचा पट्टा जुनाच राहिला तर लूम एकदोन फेरे जास्त मारते आणि कपड्यात दोष येतो. तेथे नुकसान कपड्याचे होते. गाडीत तोच हिशेब माणसावर येतो.

इंजिन बदलण्याचा रिवाज आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते. तेव्हा पेट्रोलच्या अ‍ॅम्बेसेडर, फियाट आणि जीप गाड्यांत डिझेल इंजिन बसवण्याचे काम गावोगावच्या गॅरेजांत चाले. कोणी मॅटाडोरचे इंजिन बसवी, कोणी जीपसाठी महिंद्राचे प्यूजो परवान्याचे इंजिन आणी. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी पुढे १९९० च्या दशकात कंपनीनेच डिझेलवर काढली. आज डिझेल आणि पेट्रोल यांच्या भावातला फरक तेवढा राहिलेला नाही, पण काम थांबलेले नाही. कोणाची पिकअप इंजिन जाम होऊन उभी असते आणि भंगारातून दुसऱ्या मॉडेलचे इंजिन स्वस्तात मिळते. कोणी हौसेने जुनी जीप नव्या इंजिनावर आणतो. आता बॅटरी आणि मोटर बसवण्याचीही हवा आहे. या प्रत्येक कामात ब्रेकचा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो.

आता मूळ मुद्दा. बऱ्याच लोकांना वाटते की ब्रेक आणि इंजिन या दोन निराळ्या वस्तू आहेत. जुन्या फियाटमध्ये किंवा जुन्या जीपमध्ये ते खरे होते. पायाने पेडल दाबले, मास्टर सिलिंडरने ब्रेक ऑइल ढकलले, चाकातले लायनर ड्रमला लागले; इंजिनाचा त्यात संबंध नाही. परंतु नंतरच्या बहुतेक गाड्यांत पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये एक मोठा गोल डबा असतो. त्याला बूस्टर म्हणतात. या डब्याला जोर इंजिनातून मिळतो.

तो कसा मिळतो ते पाहा. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. एक्सिलेटरवरचा पाय काढला की ती मिटते. इंजिन मात्र हवा ओढतच राहते, त्यामुळे झडपेच्या आतल्या बाजूला ओढ तयार होते. हीच ओढ एका जाड रबरी नळीने बूस्टरपर्यंत नेलेली असते. बूस्टरच्या आत रबरी पडदा असतो. ब्रेक सोडलेला असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच ओढ असते, म्हणून पडदा स्वस्थ असतो. पेडल दाबले की मागच्या बाजूला बाहेरची हवा आत शिरते आणि पडद्याला पुढे रेटते. पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा धरला तर त्याचे क्षेत्र सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला ०.६५ किलो जोर धरा. एकूण २०० किलोच्या वर रेटा मिळतो. ड्रायव्हरचा पाय जो जोर लावतो त्याच्या मदतीला कपड्याच्या दोन मोठ्या गाठींचे वजन उभे राहिले असे समजा. आपल्याला ते दिसत नाही, म्हणून त्याची किंमत कळत नाही.

साध्या डिझेल इंजिनात ही झडपच नसते. डिझेलमध्ये हवा मोकळी येते, आणि चाल कमीजास्त होते ती डिझेल किती सोडले त्यावर. झडप नाही म्हणून ओढ नाही, आणि ओढ नाही म्हणून बूस्टर मेलेला. यासाठी डिझेल गाड्यांत कंपनी वेगळा व्हॅक्यूम पंप देते. आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. आणि येथेच घोटाळा होतो. भंगार बाजारात इंजिन सुटे विकले जाते आणि अल्टरनेटर वेगळा विकला जातो, कारण त्याला स्वतंत्र गिऱ्हाईक आहे. मालक इंजिन आणतो, मिस्त्री जुन्या पेट्रोल इंजिनाचाच अल्टरनेटर त्याला लावून देतो. बॅटरी चार्ज होते, दिवे लागतात, सर्व काही ठीक दिसते. पंप मात्र आलेलाच नसतो. म्हणून डिझेल इंजिन विकत घेणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारावा: व्हॅक्यूम पंप कोठे आहे?

पंप नसला की गॅरेजवाले तीन प्रकारच्या पळवाटा काढतात.

पहिली पळवाट अशी की बूस्टर जागेवरच ठेवायचा आणि त्याची नळी बोळा मारून बंद करायची. ब्रेक "लागतो". गॅरेजच्या अंगणात पाचदहाच्या वेगाने गाडी पुढेमागे करून दाखवली की मालक खूश. पण बूस्टरच्या गाडीचे पेडल बूस्टर धरूनच बनवलेले असते. त्याची तरफ लहान असते, मास्टर सिलिंडर मोठा असतो. बूस्टर मेल्यावर तेच पेडल दगडासारखे होते. रिकाम्या गाडीत तरुण ड्रायव्हर दोन्ही पायांनी दाबून वेळ मारून नेईल. माल भरल्यावर, उतारावर, समोर शाळेची मुले आल्यावर ते जमणार नाही.

दुसरी पळवाट म्हणजे बूस्टर काढून मास्टर सिलिंडर थेट पेडलला जोडणे. कधी हे नाइलाजाने होते, कारण नवे इंजिन रुंद असते आणि बूस्टरच्या डब्याला जागा उरत नाही. हे काम शास्त्रशुद्ध करता येते, पण मग हिशेब बदलावा लागतो. तो आम्ही आकड्यांत मांडतो. ड्रायव्हरने पायाने २० किलो जोर लावला. पेडलची तरफ चार पट असेल तर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर ८० किलो येतात. पिस्टन एक इंच व्यासाचा असेल तर त्याचे क्षेत्र सुमारे ५.०७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे ऑइलवर दाब आला सुमारे १६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. आता तोच पिस्टन पाऊण इंची केला तर क्षेत्र २.८५ होते आणि दाब २८ वर जातो. पेडलची तरफही चारऐवजी सहा पट केली तर पिस्टनवर १२० किलो येतात आणि दाब ४२ वर पोहोचतो. पाय तोच, जोर तोच, आणि दाब १६ चा ४२ झाला.

पण व्यापारात जसे उधारीवर माल जास्त उठतो आणि वसुली लांबते, तसे येथेही फुकट काही मिळत नाही. जोर वाढला तेवढी पेडलची चाल वाढते. वरच्या उदाहरणात पेडलला पूर्वीपेक्षा पावणेतीन पटीच्या जवळ खाली जावे लागेल. चाकातले सिलिंडर मोठे असले किंवा लायनर झिजून सैल पडले असले, तर पेडल फळीला टेकेल आणि ब्रेक अर्धवटच लागेल. म्हणून लहान सिलिंडर लावला की काम झाले असे नाही. मास्टर सिलिंडर, पेडलची तरफ आणि चाकातले सिलिंडर यांचा मेळ बसला पाहिजे. ज्या मिस्त्रीला हा मेळ सांगता येत नाही, त्याने या कामाला हात घालू नये.

तिसरी पळवाट उलट्या दिशेची आहे. "ब्रेक कमी लागतो, मग मोठ्या गाडीचा मास्टर सिलिंडर लावू" असे म्हणून मोठा सिलिंडर बसवतात. वरचा हिशेब पाहिलात तर लक्षात येईल की त्याने दाब वाढत नाही, कमी होतो. पेडल वरच्या वर लागते, घट्ट वाटते, आणि मालकाला वाटते ब्रेक भारी झाला. घट्ट पेडल म्हणजे चांगला ब्रेक ही समजूत आमच्या पाहण्यात इतकी पक्की आहे की तिच्याशी वाद घालणे कठीण जाते.

योग्य काम म्हणजे डिझेल इंजिनाला त्याचा पंप देणे. त्याच मॉडेलचा पंपवाला अल्टरनेटर मिळत असेल तर सर्वांत बरे. नाहीतर बारा व्होल्टवर चालणारा विजेचा व्हॅक्यूम पंप मिळतो. काही नव्या गाड्यांत आणि बॅटरीच्या गाड्यांत तोच असतो. त्याला स्वतःचा फ्यूज, रिले आणि ओढ कमी झाली की पंप चालू करणारा स्विच हवा. पंप आणि बूस्टर यांच्यामधल्या नळीत एकतर्फी व्हॉल्व्ह असतो. तो उलटा बसवला किंवा खराब झाला तर पंप असूनही ओढ टिकत नाही. टर्बोच्या पेट्रोल इंजिनात तर भर देताना ओढीच्या जागी उलट दाब येतो. तेथे हा व्हॉल्व्ह चांगला असलाच पाहिजे. नळीही ब्रेकचीच हवी. पाण्याची किंवा साधी पेट्रोलची नळी लावली तर ती ओढीने आत चेपते आणि वाट बंद होते.

अल्टरनेटरवरच्या पंपाला इंजिनाचे ऑइल बारीक नळीने मिळते. ऑइलची वाट चोंदली की पंप कोरडा चालून खलास होतो. आणि पंप पट्ट्यावर फिरतो, ही गोष्ट ड्रायव्हरला बजावून सांगितली पाहिजे. बॅटरीचा लाल दिवा लागला की ड्रायव्हर म्हणतो, "चार्जिंग गेले, घरी जाऊन बघू." अशा गाडीत पट्टा तुटला असेल तर चार्जिंगबरोबर ब्रेकची ताकदही गेलेली असते. लाल दिवा लागताच गाडी कडेला घ्यावी.

काम बरोबर झाले की नाही हे मालकाला स्वतः तपासता येते, त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. इंजिन बंद ठेवून पेडल पाचसहा वेळा दाबा. ते कडक होत जाईल. मग पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडे खाली बसले तर बूस्टर जिवंत आहे. हलले नाही तर बूस्टर, पंप किंवा नळी यांपैकी काहीतरी मेलेले आहे. दुसरी परीक्षा: इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा, पाच मिनिटे थांबा, आणि मग पेडल दाबा. पहिली एकदोन दाबणी मऊ आली तर ओढ टिकून राहते आहे. पहिलीच दाबणी कडक आली तर कोठेतरी गळती आहे. तिसरी: पेडल जोराने दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा. ते हळूहळू खाली सरकू लागले तर ऑइल गळते आहे किंवा मास्टर सिलिंडरचे वॉशर गेले आहेत. ज्यांच्याकडे ओढ मोजायचे घड्याळ आहे त्यांनी तेही लावावे. पेट्रोल इंजिन मंद चालत असताना साधारण ४५० ते ५०० मिलिमीटर पारा दाखवते. चांगला पंप ६०० च्या पुढे जातो.

घाटाबद्दल दोन शब्द वेगळे लिहावे लागतील. मालेगावला जाणारी गाडी कसारा घाटातून जाते, इचलकरंजीला जाणारी बोरघाट आणि खंबाटकी ओलांडते. पेट्रोल गाडी चालवलेल्या माणसाला सवय असते की खालच्या गिअरमध्ये पाय काढला की इंजिन गाडीला धरून ठेवते. हे धरणे मुख्यतः त्याच झडपेमुळे होते. साध्या डिझेलमध्ये ते कमी असते. म्हणजे त्याच गाडीत, त्याच उतारावर, इंजिन बदलल्यानंतर ब्रेकवर जास्त काम पडते. अशा वेळी उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची जी वाईट सवय काही ड्रायव्हरांना डिझेल वाचवण्यासाठी लागलेली असते, ती जीवघेणी आहे. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. बूस्टरमध्ये उरलेली ओढ दोनतीन ब्रेकांत संपते, आणि पुढचे वळण अजून यायचे असते. डिझेलचे जे चार पैसे वाचले ते मालकाने ड्रायव्हरकडून घेऊच नयेत, म्हणजे ही सवय आपोआप सुटेल.

ज्या जुन्या गाड्यांना बूस्टर नव्हताच, त्यांचे दुखणे निराळे आहे. तेथे वजन आणि वेग वाढतो आणि ब्रेक तेवढाच राहतो. वजन दहा टक्के वाढले तर थांबवायचा जोरही दहा टक्के जास्त लागतो; हे एक वेळ चालून जाईल. वेगाचे गणित मात्र वर्गाने चालते. ताशी ६० च्या वेगाने जाणारी गाडी बऱ्यापैकी ब्रेकने २८ मीटरमध्ये थांबत असेल, तर ८० च्या वेगात तीच गाडी तेवढ्याच ब्रेकने सुमारे ५० मीटर घेते. ड्रायव्हरला समोरचे दिसून त्याचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते, ते यात धरलेले नाही. आम्ही मीटरने कपडा मोजणारी माणसे आहोत. २२ मीटर म्हणजे किती ते आम्हाला कळते. जुन्या जीपला नवे जोरदार इंजिन लावायचे असेल तर पुढे डिस्क ब्रेक, बूस्टर आणि दोन खणांचा मास्टर सिलिंडर हे त्याच खर्चात धरले पाहिजे. जुन्या गाड्यांत ब्रेकची एकच लाइन असे. एका चाकाकडे नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जाई. दोन खणांच्या सिलिंडरात एक लाइन गेली तरी दुसरी उरते. आणखी एक बारीक गोष्ट: ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तोच सिलिंडर डिस्कला लावला तर पॅड सतत घासत राहतात, तापतात, आणि मालक मायलेज कमी का झाले म्हणून इंजिनवाल्याशी भांडत बसतो.

पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या वाटणीकडेही पाहावे लागते. इंजिन जड झाले की गाडीचे नाक जड होते आणि रिकाम्या गाडीचा मागचा भाग हलका पडतो. करकचून ब्रेक मारला की मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी शेपटीकडून फिरते, विशेषतः पहिल्या पावसात. बऱ्याच पिकअप आणि टेम्पोंत यासाठी मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. एक दांडी त्याला एक्सलशी जोडते. माल भरला की गाडी खाली बसते, दांडी हलते आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. रिकामी असली की कमी. आता आपले लोक काय करतात? जास्त गाठी भरता याव्यात म्हणून मागे जादा पाटे टाकतात. गाडी माल भरूनही खाली बसत नाही. व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामीच आहे, आणि मागचा ब्रेक कापून टाकतो. मग सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, ती तापतात, आणि "नव्या इंजिनाने ब्रेक खाल्ला" असे म्हणून खापर इंजिनावर फुटते. इंजिन बदलताना हा व्हॉल्व्ह आणि पाटे दोन्ही दाखवून घ्यावेत. दांडी काढून तारेने बांधून ठेवलेली आढळली तर ती गाडी घेऊ नये.

नळ्यांची जागाही पाहावी. नव्या इंजिनाचा सायलेन्सर कधी जुन्याच्या उलट्या बाजूला निघतो आणि नेमका ब्रेकच्या नळीला किंवा मास्टर सिलिंडरला खेटून जातो. डॉट ३ जातीचे नवे ब्रेक ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण हे ऑइल हवेतले पाणी शोषते आणि जुने झाले की १४० अंशांच्या आसपासच उकळू लागते. आपल्या वसई पट्ट्यातली पावसाळी हवा काय आहे ते सर्वांना ठाऊक आहे. उकळलेल्या ऑइलची वाफ होते, वाफ दबते, पेडल थेट खाली जाते. त्यामुळे नळी दूर घ्यावी, मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा आणि ऑइल दोन वर्षांत एकदा पूर्ण बदलावे. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइलचे चार थेंबही पडता कामा नयेत. रबर फुगून सगळे वॉशर जातात.

गॅस किट बसवणाऱ्यांना मात्र या बूस्टरच्या भानगडीची काळजी नाही. इंजिन तेच राहते, झडप तीच राहते, म्हणून ओढही राहते. फक्त सिलिंडरचे वजन मागे येते. बॅटरीवर गाडी आणणाऱ्यांचे प्रकरण डिझेलसारखेच आहे: इंजिनच नाही तर ओढ कोठून येणार? विजेचा पंप हवाच. आणि असे किट मान्यतेचेच असले पाहिजे. पुण्याच्या एआरएआय सारख्या सरकारमान्य संस्थांकडून त्याची तपासणी झालेली असते.

कायद्याची बाजू लोक शेवटी विचारतात, ती खरे तर पैसे देण्याआधी विचारायची असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की कंपनीने नमूद केलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलापेक्षा गाडी निराळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच उचलून धरले. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आणि नव्या इंजिनाच्या नंबराची नोंद लागते. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. त्याच जातीचे इंजिन बसवणे आणि भलत्याच जातीचे बसवणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकाराला परवानगी मिळेलच असे धरून चालू नये. आपल्या भागाची गाडी एमएच ४८ ची असेल तर तेथल्या कार्यालयात, भिवंडीची एमएच ०४ असेल तर ठाण्याला, आधी लेखी विचारणा करावी. नोंद नसलेल्या इंजिनाची गाडी अपघातात सापडली तर विम्याचा क्लेम अडतो आणि भरपाई मालकाच्या गल्ल्यातून जाऊ शकते. भंगारातले इंजिन घेताना बिल आणि मूळ गाडीचे कागद मागावेत. नंबर घासलेले इंजिन चोरीचे असू शकते, आणि चोरीचा माल स्वस्त मिळाला म्हणून हलाल होत नाही.

आता विक्रीचा मुद्दा. आमच्या मते या विषयातली सर्वांत नाजूक गोष्ट हीच आहे, कारण ती कोणत्याही पासिंगमध्ये सापडत नाही. इंजिन बदललेली गाडी दोनचार वर्षे वापरून मालक विकतो. घेणारा इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, भाव करतो. बूस्टर बंद आहे, व्हॉल्व्हची दांडी बांधलेली आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. शरीअतमध्ये मालातला ऐब सांगणे विकणाऱ्यावर लाजिम आहे, आणि लपवलेला ऐब नंतर उघडकीस आला तर घेणाऱ्याला सौदा रद्द करण्याचा हक्क आहे. फिकहच्या किताबांत याला खियारे ऐब म्हणतात. थानात डाग असेल तर आम्ही तो थान उलगडून दाखवतो आणि भाव कमी करतो. डाग असलेल्या थानाने कोणी मरत नाही. मग ज्या ऐबाने माणूस मरू शकतो तो "जसे आहे तसे" या तीन शब्दांमागे झाकता येतो का? काही भाऊ म्हणतात, घेणाऱ्याने पाहून घ्यावे. जे वरून दिसतच नाही ते तो पाहणार कसे?

सौदा गॅरेजवाल्याशी असो की गिऱ्हाईकाशी, तो लेखी असावा. गॅरेजशी करताना "इंजिन फिटिंग" एवढेच न लिहिता असे लिहून घ्यावे: व्हॅक्यूम पंप कोणता बसवला, मास्टर सिलिंडर किती मापाचा, बूस्टर ठेवला की काढला, ब्रेक ऑइल कोणते भरले आणि हवा कोणत्या तारखेला काढली. अर्धी रक्कम भरलेल्या गाडीच्या चाचणीनंतर द्यायची असेही ठरवावे. चाचणी रिकाम्या, मोकळ्या रस्त्यावर आणि दिवसा घ्यावी. आधी ताशी २०, मग ४० चा वेग, आणि प्रत्येक वेळी गाडी सरळ रेषेत थांबते की ओढते ते बाहेर उभे राहून पाहावे. त्यानंतर चारही चाकांजवळ हात नेऊन बघावे. एक चाक जास्त तापलेले किंवा अगदी थंड लागले तर गाडी परत गॅरेजमध्ये जाईल, माल दुसऱ्या गाडीने जाईल. पहिले पाचशे किलोमीटर झाले की सर्व जोड पुन्हा पाहून घ्यावेत, कारण नव्या इंजिनाच्या हादऱ्याने नळ्यांचे नट सैल होतात. ते बिल गाडीच्या कागदांबरोबरच ठेवावे. गाडी विकताना तेच घेणाऱ्याच्या हाती द्यायचे आहे.